धाराशिव जिल्ह्यातील पदवी-रसायनशास्त्र आणि संशोधनाचा अनुभव

धाराशिव जिल्हा हैदराबाद संस्थानात असता येथील विद्यार्थ्यास पदवीसाठी बहुधा उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात विज्ञानही उर्दूतून शिकवीत. उर्दूत रसायनशास्त्रास ‘कीमिया’ म्हणतात. त्याच शब्दाची आपली ‘किमया’ मात्र जादूटोण्याच्या घरी नांदते, हे मोठे मार्मिक आहे. १९४८ नंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले, आणि १९६१ साली लातुरास (ते १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते) दयानंद शिक्षण संस्था स्थापन झाली. माध्यम बदलले, विद्यापीठ बदलले. प्रयोगाच्या तासाचे स्वरूप फारसे पालटले नाही.

त्या तासाचे मूळ जर्मनीतील गीसेन येथे सापडते. लीबिगने १८२४ पासून तेथे चालविलेल्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी प्रथम अज्ञात पदार्थांचे पृथक्करण करी. हात बसला की ज्याचे उत्तर कोणासच ठाऊक नाही असा प्रश्न गुरू त्याच्यावर सोपवी. फ्रेसेनिअसचा गुणात्मक पृथक्करणावरील ग्रंथ १८४१ साली प्रसिद्ध झाला आणि मूलकांची गटवार परीक्षा सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडे पहिली पायरी आली, दुसरी आलीच नाही. किपच्या उपकरणातून येणारा हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास पदवीधरांच्या कित्येक पिढ्यांना आठवतो. परंतु परीक्षानळीतील लवणाचे नाव परीक्षकाच्या कागदावर आधीच लिहिलेले असे. विद्यार्थ्याने ओळखावयाचे ते परीक्षकाच्या मनातले. मग उत्तर आधी मिळवावे व निरीक्षणे मागाहून लिहावीत, ही युक्ती त्यास सुचली तर नवल कसले? तिला केवळ अप्रामाणिकपणा म्हणणे अन्यायाचे होईल. प्रयोगाची रचनाच ती शिकवी.

वस्तुतः अज्ञात प्रश्न दाराशीच आहे. जिल्ह्याची भूमी बहुतांशी बेसॉल्ट खडकाची; कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या लवणांमुळे विहिरींचे पाणी जड, आणि जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. ई.डी.टी.ए.च्या अनुमापनाने हा जडपणा मोजणे पदवीच्या विद्यार्थ्यास सहज साध्य आहे. तेच अनुमापन स्वतःच्या गावच्या विहिरीवर, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, त्याने करून पाहावे. दोन आकडे जुळत नाहीत. आता ब्युरेट चुकली की विहीर बदलली? नेहमीच्या तासाला न जुळणारा आकडा गुण कापून संपतो. येथे तो पुन्हा नमुना आणावयास लावतो, आणि उत्तर विचारावयास कोणी नसते.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची सोय केली आहे. तीन वर्षांनी बाहेर पडणाऱ्यास तिचा लाभ नाही. त्याच्या हाती विहिरीची बाटली दुसऱ्याच वर्षी द्यावयास हवी.