मुंबई उपनगरांतील मोठ्या सिक्लिड माशांचे गृहपालन

अमेरिकी सिक्लिड आणि त्यांच्यासोबत विकले जाणारे अरोवाना, मार्जारमीन यांसारखे मोठे उष्णकटिबंधीय मासे घरगुती मत्स्यपेटीत पाळण्याचा छंद मुंबई उपनगर जिल्ह्यात प्रचलित आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील सदनिकांत व दुकानांत अशा मत्स्यपेट्या आढळतात. येथील हवामान या माशांना मानवते. छंदावर खरी मर्यादा येते ती जागेची व पाण्याची, कारण दोन-तीन इंचांचे म्हणून विकत घेतलेले हे मासे वर्ष-दोन वर्षांत घरातील पेटीत मावेनासे होतात.

सिक्लिड कुल

सिक्लिडी हे गोड्या पाण्यातील माशांच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून त्यात सुमारे १,७०० वर्णित जाती आहेत. बहुसंख्य जाती आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात. भारतात या कुलाच्या केवळ तीन मूळ जाती आहेत. त्यांपैकी कोकण-गोव्यात कालुंदर या नावाने ओळखला जाणारा एट्रोप्लस सुरातेन्सिस हा खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. केरळात तोच करिमीन होय आणि २०१० पासून तो त्या राज्याचा राज्यमासा आहे. मुंबईकर ज्याला निव्वळ परदेशी शोभेचा मासा समजतो, त्याचा दूरचा नातलग अशा प्रकारे कोकणच्या खाड्यांत पूर्वीपासून राहतो.

गृहपालनात सर्वाधिक आढळणारा मोठा अमेरिकी सिक्लिड म्हणजे ऑस्कर (ॲस्ट्रोनोटस ऑसेलेटस). लुई आगासी यांनी १८३१ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा तो सागरी मासा असल्याचा त्यांचा गैरसमज झाला होता. प्रत्यक्षात तो ॲमेझॉन खोऱ्यातील आहे. शेपटीच्या मुळाशी असलेला डोळ्यासारखा ठिपका ही त्याची ओळख. ऑस्कर ३० सेंमीहून अधिक वाढतो आणि चांगल्या निगेत दहा वर्षांपेक्षा जास्त जगतो. त्याशिवाय जॅक डेम्प्सी, ग्रीन टेरर, सेव्हरम, कॉन्व्हिक्ट हे मासे पाळले जातात. एंजल व डिस्कस हेही अमेरिकी सिक्लिडच, पण त्यांची निगा निराळी असल्याने छंदात त्यांची गणना सहसा वेगळी होते.

फ्लॉवरहॉर्न ही निसर्गात न आढळणारी संकरित जात १९९० च्या दशकात मलेशिया व तैवानमधील प्रजननकारांनी तयार केली. कपाळावरील मोठा उंचवटा आणि अंगावरील चिनी अक्षरांसारख्या खुणा यांमुळे फेंगशुईत हा मासा भाग्यकारक मानला गेला. भारतात ही समजूत वास्तुशास्त्राच्या जोडीने पसरली, आणि मत्स्यपालनात एरवी रस नसलेल्या कुटुंबांतही फ्लॉवरहॉर्न व अरोवाना पोहोचले.

उपनगरांतील प्रसार

मुंबईत रंगीत मासे पाहण्याची सवय तारापोरवाला मत्स्यालयाने लावली. मरीन ड्राइव्हवरील या मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. अंधेरीतील वर्सोवा येथे १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था कार्यरत असून तेथे मत्स्यविज्ञानाचे उच्च शिक्षण दिले जाते. छंदिष्टांचा रोजचा संबंध मात्र बाजाराशी असतो. क्रॉफर्ड मार्केट (महात्मा जोतिबा फुले मंडई) परिसर आणि कुर्ला ही शोभिवंत माशांच्या खरेदीची जुनी ठिकाणे होत. चेन्नईजवळील कोळत्तूर आणि कोलकाता ही देशातील या माशांच्या प्रजननाची व घाऊक व्यापाराची मोठी केंद्रे आहेत.

पाणी

महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा आदी जलाशयांतून येते. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकावरून वाहून आलेले हे पावसाचे पाणी बहुधा मृदू असते, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. ॲमेझॉन खोऱ्यातील ऑस्कर, सेव्हरम यांना असे पाणी चालते. मध्य अमेरिकेतील जाती तुलनेने कठीण पाण्यातल्या आहेत. त्यांच्यासाठी गाळणीत शिंपल्यांचा चुरा ठेवला जातो. मृदू पाण्याचा एक तोटा दोन्ही गटांना भोगावा लागतो. त्यात आम्ल शोषून घेणारी कार्बोनेटे कमी असल्याने, पाणी वेळेवर न बदलल्यास त्याचा सामू झपाट्याने उतरतो.

सिक्लिड भरपूर खातात आणि त्या प्रमाणात उत्सर्गही करतात. उत्सर्गातून व कुजलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणातही घातक असतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असले तरी साठत जाते आणि ते काढण्याचा व्यवहार्य मार्ग पाणी बदलणे हाच असतो. जीवाणूंची वसाहत स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. नवी पेटी आणून त्याच दिवशी मासे सोडणे हे नवशिक्यांचे मासे मरण्याचे नेहमीचे कारण आहे. गाळणीतील स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनमुळे हेच जीवाणू मरतात, म्हणून तो पेटीतून काढलेल्या पाण्यात धुतात.

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी मावते. आठवड्याला ३० टक्के पाणी बदलायचे म्हटले तरी साधारण ७५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या पाच बादल्या लागतात. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर आहे, हे लक्षात घेतल्यास हा वापर किरकोळ ठरत नाही. उपनगरांत पाणी ठरावीक वेळीच येते आणि जून २०२४ मधल्यासारखी कपात लागू झाली की प्रश्न अधिक बिकट होतो. पेटीतून काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने झाडांना उपयुक्त असते, आणि अनेक घरांत ते कुंड्यांना घातले जाते. ताज्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवतात किंवा त्यात सोडियम थायोसल्फेट टाकतात. छायाचित्रणात वापरला जाणारा ‘हायपो’ तो हाच.

तापमान व वीज

या माशांना साधारण २५ ते २९ अंश सेल्सिअस तापमान लागते. मुंबईत वर्षातील बहुतेक काळ हीटरची गरज भासत नाही. थंडीच्या दिवसांत, विशेषतः बोरिवलीसारख्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या भागात, रात्री तो लावावा लागतो. खरा धोका उन्हाळ्याचा. पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो, आणि माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. वीज गेल्यास मोठे मासे आधी गुदमरतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई महानगरातील वीज काही तास खंडित झाली होती. अशा वेळेसाठी बॅटरीवर चालणारा हवापंप हा स्वस्त उपाय आहे.

जागा आणि वजन

वर उल्लेखलेली पेटी काच, खडी व स्टँडसह ३५० किलोच्या आसपास भरते आणि आपल्या तळाखालच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भार टाकते. निवासी इमारतींच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला चलभार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. हा भार संपूर्ण खोलीवर पसरलेला धरला जातो, त्यामुळे एवढ्याने स्लॅब कोसळतो असे नाही. तरीही पेटी खोलीच्या मध्यावर न ठेवता बीमवर आडवी, भिंतीला लागून ठेवणे श्रेयस्कर असते. सहा फुटी पेटीत पाणीच जवळपास ६८० लिटर असते; जुन्या इमारतीत तिच्यासाठी अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो. बाजारात ‘इम्पोर्टेड’ म्हणून मिळणाऱ्या वळणदार काचेच्या छोट्या पेट्या मोठ्या सिक्लिडसाठी निरुपयोगी आहेत.

आहार व स्वभाव

गोळीखाद्य हा मुख्य आहार असतो. त्याला सोललेली कोळंबी, करंदी, वाफवलेला मटार यांची जोड देतात. मांसाहार न करणाऱ्या घरांत गोळीखाद्य विशेष सोयीचे पडते. जिवंत छोटे मासे खाऊ घालण्याची पद्धत दिसते, परंतु त्यांतून रोग येतात आणि माशाचा आक्रमकपणा पाहण्याखेरीज त्यातून काही साधत नाही. निकृष्ट पाणी व एकसुरी आहार यांमुळे ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडण्याचा आजार होतो.

सिक्लिड आपला प्रदेश राखतात, खडी उकरतात, झाडे उपटतात. अंडी घालण्याच्या काळात जोडी इतर माशांना पेटीच्या एका कोपऱ्यात रेटते. मात्र अंडी व पिल्ले यांची दोघे मिळून राखण करतात, आणि हे पालकत्व हेच या कुलाचे मोठे आकर्षण आहे. ऑस्कर खाऊ देणाऱ्या व्यक्तीला ओळखू लागतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

वाढलेल्या माशांचा प्रश्न

पेटी लहान असली की मासा तेवढाच राहतो, हा समज चुकीचा आहे. अपुऱ्या जागेत वाढ खुंटते ती प्रकृती बिघडल्यामुळे. ऑस्कर पहिल्या वर्षातच २० ते २५ सेंमी होतो, चंदेरी अरोवाना तीन फुटांपर्यंत पोहोचतो, आणि ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगॅसियस व लाल शेपटीचा मार्जारमीन एक मीटरही ओलांडतात. असे मासे परत घेण्यास दुकानदार बहुधा तयार नसतात. मग ते तलावात सोडले जातात, आणि सोडणाऱ्याला ती भूतदया वाटते.

परिणामांची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. शेवाळ खाण्यासाठी पेट्यांत ठेवला जाणारा दक्षिण अमेरिकी सकर मासा उजनी जलाशयात पसरला असून त्याच्या काटेरी कवचामुळे मच्छिमारांची जाळी फाटतात. १९५२ मध्ये भारतात अन्नासाठी आणलेला तिलापिया हा आफ्रिकी सिक्लिडच. महाराष्ट्रातील बाजारांत चिलापी म्हणून मिळणाऱ्या तिलापियांनी अनेक जलाशयांत स्थानिक माशांची जागा घेतली आहे. २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात अलिगेटर गार हा उत्तर अमेरिकी शिकारी मासा सापडला होता. उपनगरांतील पवई तलाव वस्तीने वेढलेला असल्याने, तर विहार व तुळशी हे जलाशय पिण्याच्या पाण्याचे असल्याने, तेथे पाळीव मासे सोडणे विशेष अनिष्ट ठरते.

कायदा

शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये काढलेले नियम पुढे मागे घेण्यात आले. आशियाई अरोवाना (स्क्लेरोपेजेस फॉर्मोसस) हा साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती व त्याखालील २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. चंदेरी अरोवाना, ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न यांना ही अट लागू नाही.