३० टक्के कपात की १०० युनिट माफ? विधानसभा निवडणुकीत विजेवर कोण काय म्हणालं होतं

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सगळी चर्चा 'लाडकी बहीण'भोवती फिरली. पण दोन्ही आघाड्यांच्या जाहीरनाम्यांत आणखी एक आश्वासन होतं, जे दर महिन्याला प्रत्येक घरात पोहोचतं: वीजबिल.

५ नोव्हेंबरला कोल्हापूरच्या सभेत महायुतीने १० आश्वासनं जाहीर केली. त्यात वीजबिलात ३० टक्के कपात आणि सौरऊर्जेवर भर होता. १० नोव्हेंबरला मुंबईत महाविकास आघाडीचा 'महाराष्ट्रनामा' आला. महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्यांचं १०० युनिटचं बिल माफ, असं त्यात म्हटलं होतं.

ऐकायला दोन्ही सारखंच, पण फायदा मात्र वेगवेगळ्या घरांना.

कुणाला काय मिळालं असतं?

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांमध्ये असतं. पहिले १०० युनिट स्वस्त. त्यापुढे ३०० पर्यंतच्या प्रत्येक युनिटचा दर त्या वर्षी पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट होता.

दोन पंखे, टीव्ही, छोटा फ्रिज असलेलं घर ९० युनिट वापरत असेल, तर आघाडीच्या आश्वासनात त्याचं युनिटचं बिल शून्यावर येतं. महायुतीच्या आश्वासनात ७० टक्के बिल भरावंच लागतं. पण घर २८० युनिट वापरत असेल, तर गणित उलटतं. माफ होणार ते सर्वात स्वस्त १०० युनिट, महागडे १८० तसेच राहतात. तिथे ३० टक्के कपात जास्त पैसे वाचवते. स्थिर आकार आणि कर बाजूला ठेवले, तर हे पारडं साधारण २०० युनिटच्या थोडं पुढे फिरतं.

आणि ३०० च्या वर? उन्हाळ्यात एसी लावून ३२० युनिट झाले की आघाडीच्या योजनेत काहीच नाही. प्रचारात हे फारसं कुणी समजावून सांगितलं नाही.

शेतीपंपांवर मतभेद होते का?

मोफत वीज नको, असं म्हणणारी मोठी आघाडी नव्हती. निवडणुकीच्या काही महिने आधी, जून २०२४ च्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना' आली. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज, सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४ हजार कोटींहून जास्त खर्च.

जुन्या शेतकऱ्यांना यावरून २००४ आठवलं असेल. तेव्हा सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री होते, निवडणुकीआधी शेतीची वीज मोफत झाली. निवडणूक जिंकली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी ती सवलत थांबली.

शिवाय शेतकऱ्याची तक्रार नुसत्या बिलाची नाही, वेळेचीही आहे. पंपाला रात्रीची पाळी आली की साप आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागतं. त्यावर महायुतीचं उत्तर होतं सौर कृषी वाहिनी योजना: गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज.

अदानींचा मुद्दा

खरी टक्कर इथे होती. सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणला ६,६०० मेगावॉट वीज पुरवण्याचं कंत्राट अदानी समूहाला मिळालं. त्यात ५,००० मेगावॉट सौर, बाकी कोळशावरची. काँग्रेसने निविदेच्या अटींवर बोट ठेवलं. सरकारी बाजूचा युक्तिवाद होता की ४ रुपये ८ पैसे हा एकत्रित दर स्वस्त आहे.

वीज प्रकल्पावरून निवडणूक तापण्याची महाराष्ट्रात ही पहिली वेळ नव्हे. १९९५ मध्ये शिवसेना-भाजपने दाभोळचा एन्रॉन प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा केली होती. सत्तेत आल्यावर करार रद्द केला आणि मग काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून पुन्हा मंजूरही केला. २००१ मध्ये वीज मंडळाने ती महागडी वीज घेणंच थांबवलं.

पण दर ठरवतं कोण?

मुख्यमंत्री नाही. वीज कायदा २००३ नुसार दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग. सरकारला एखाद्या गटाला सवलत द्यायची असेल, तर तेवढी रक्कम आगाऊ वीज कंपनीला द्यावी लागते. म्हणजे 'मोफत' वीज तिजोरीतून जाते. जिथे तिजोरी पुरत नाही, तिथे कारखाने आणि दुकानांचे चढे दर भार उचलतात. या भागावर दोन्ही जाहीरनामे जवळपास गप्प होते.

मग ३० टक्क्यांचं काय झालं?

महायुती जिंकली. जून २०२५ च्या अखेरीस आयोगाचा नवा दर आदेश आला. पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने २६ टक्के दर कमी होतील, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तेव्हा सांगितलं. पहिली १० टक्के कपात १०० युनिटपेक्षा कमी वापरणाऱ्यांसाठी, आणि राज्यातले ७० टक्के ग्राहक याच गटात आहेत, असंही ते म्हणाले. महाविकास आघाडीच्या आश्वासनात ज्यांच्या युनिटचं बिल शून्यावर येणार होतं, ती हीच घरं.