मित्र शेजारी बसले की किशोरवयीन मेंदूचा ब्रेक उशिरा का लागतो?

कॉम्प्युटरवर एक साधा गेम आहे. गाडी पुढे जातेय, सिग्नल पिवळा झालाय. जितकं पुढे जाल तितके पॉइंट्स वाढतात. पण लाल लागला तेव्हा गाडी चालू असेल तर धडक होते आणि मिळवलेले पॉइंट्स जातात.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हा गेम ३०६ जणांना खेळायला दिला. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोघे बसले होते. २००५ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: शेजारी सोबती असताना १३ ते १६ वयोगटातल्या मुलांनी घेतलेला धोका साधारण दुप्पट झाला. २४ वर्षांपुढच्यांना मात्र शेजारी कोण बसलंय याने काही फरक पडला नाही.

स्टाइनबर्ग यांच्याच गटाने नंतर असाच खेळ एमआरआय मशीनमध्ये घेतला. मित्र खोलीतही नव्हते, बाजूच्या खोलीतून फक्त स्क्रीनवर बघत होते. तेवढ्यानेही किशोरवयीनांच्या मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग जास्त सक्रिय झाला. म्हणजे ब्रेक तोच होता, पण अॅक्सिलरेटरवर पाय जोरात पडला.

हा ब्रेक म्हणजे नेमकं काय?

मनात आलेली पहिली कृती थांबवून ठरवलेली कृती करणं, याला मानसशास्त्रात ‘कॉग्निटिव्ह कंट्रोल’ म्हणतात. तो मोजण्याची एक पद्धत गमतीशीर आहे. स्क्रीनवर अचानक दिवा लागतो आणि तुम्ही त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला बघायचं. करून बघा, नजर आधी दिव्याकडेच पळते.

या कामात कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स महत्त्वाचा असतो. किशोरवयात तिथल्या न वापरलेल्या जोडण्या छाटल्या जातात आणि उरलेल्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढतं, त्यामुळे संदेश वेगाने जातात. मेंदूच्या इतर बऱ्याच भागांपेक्षा हे काम इथे उशिरा पूर्ण होतं. बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जोरात असते.

मग ‘मेंदू २५व्या वर्षी पूर्ण होतो’ हे खरं का?

रील्समध्ये हा आकडा सारखा फिरतो. पण मेंदूच्या स्कॅनमध्ये असा कुठलाही एक वाढदिवस दिसत नाही. २०२३ मध्ये दहा हजारांहून अधिक जणांच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यात ही क्षमता १० ते १५ या वयात झपाट्याने वाढताना दिसली, पुढे वेग मंदावला आणि १८ ते २० पर्यंत ती प्रौढांच्या पातळीला आली.

पण या चाचण्या शांत खोलीतल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह ११ देशांतल्या पाहणीत दोन वेगळ्या रेषा दिसल्या. शांतपणे विचार करण्याची क्षमता १६च्या आसपास प्रौढांइतकी होते. भावनेच्या भरात, दबावाखाली स्वतःला आवरण्याची परिपक्वता १८ नंतरही येत राहते.

काही कायद्यांनी हा फरक ओळखलाय. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्या नव्या चालकाला पहिले १२ महिने, सोबत जाणता चालक नसेल तर, २० वर्षांखालच्या कुणालाही गाडीत बसवता येत नाही. काही अपवाद आहेत, पण रोख थेट मागच्या सीटवर आहे.

भारतात हा प्रश्न जास्त गंभीर जागी येतो. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी प्राथमिक मूल्यांकन होतं. गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि तेव्हाची परिस्थिती या गोष्टी बाल न्याय मंडळ पाहतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मानसिक क्षमता आणि परिणामांची समज एकच धरता येणार नाही, आणि मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल.

तरी अडचण उरतेच. १६ वर्षांचा मुलगा तज्ज्ञासमोर बसून परिणाम नीट सांगू शकतो, आणि संशोधन सांगतं की त्याला ते खरंच कळतही असतात. पण ही विचारपूस होते घटनेनंतर काही आठवड्यांनी, शांत खोलीत, मित्र आजूबाजूला नसताना.