नत्र मोजलं, प्रथिन लिहिलं

मंडळी, चीज करताना दूध फाडलं की गोळा वर येतो आणि खाली हिरवट-पिवळं पाणी उरतं. दुधातलं केसिन, म्हणजे साधारण 80 टक्के प्रथिन, गोळ्यात जातं. बाकीचं बहुतेक त्या पाण्यात. युरोप-अमेरिकेतले कारखाने हे पाणी डुकरांना पाजत, नाहीतर सरळ नदीत सोडत. पुढे 1970च्या दशकात बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळण्याचं तंत्र रुळलं. पडदा प्रथिन अडवतो, साखर आणि क्षार बरेचसे जाऊ देतो. अडलेलं वाळवलं की झाली व्हे पावडर. जिमला जाणारी आपली नातवंडं घेतात ती हीच.

आम्हाला कुतूहल आहे ते डब्यावरच्या आकड्याचं. 'एका मापात 24 ग्रॅम प्रथिने.' हे मोजलं कसं?

प्रोटीन हा शब्द 1838 साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने छापला. सुचवला होता बर्झेलियसने. मूळ ग्रीक अर्थ 'अग्रस्थानी असलेलं'. शब्द भारदस्त, पण मोजायचं कसं? उत्तर आलं 1883 मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतून. तिथल्या केल्डालने धान्य तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळलं आणि त्यातलं नत्र मोजलं. प्रथिनात सुमारे 16 टक्के नत्र असतं, म्हणून नत्राला 6.25ने गुणायचं; दुधासाठी 6.38ने. आता बघा, मोजलं नत्र आणि लिहिलं प्रथिन. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही हे चालू दिलं नसतं! पण भेसळवाला नुसतं पाणीच घालत होता तोवर व्यवहारात चाललं.

2008 साली चीनमध्ये ते चालेनासं झालं. दुधात पाणी घातल्यावर घटलेला आकडा भरून काढायला मेलामाईन मिसळलं गेलं. ज्याच्या ताटल्या बनवतात, तेच. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नत्र असतो. बाळांच्या मूत्रपिंडात खडे झाले. सरकारी आकड्यांप्रमाणे सहा बाळं गेली, जवळजवळ तीन लाख आजारी पडली. चाचणी खोटं बोलली नव्हती हो, नत्र खरंच होतं!

पावडरीच्या धंद्यात याचा सौम्य भाऊ आहे. ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त द्रव्यं मिसळायची. ती विषारी नाहीत, पण नत्र म्हणून मोजली जातात. म्हणून डबा घेताना अमिनो आम्लांची फोड आणि बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. दुधाची ॲलर्जी असणाऱ्याने 'आयसोलेट' हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नये. त्यात कमी होते ती दुधातली साखर. ॲलर्जी असते प्रथिनाची.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: मग श्रीखंडाच्या चक्क्याचं पाणी प्यावं का? खुशाल प्यावं, त्यात कणीक भिजवावी. पण आपण दूध उकळून घेतो, त्यामुळे पाण्यात राहणारं बरंचसं प्रथिन आधीच केसिनला चिकटून चक्क्यात गेलेलं असतं. ते श्रीखंडातून पोटात जातंच, साखरेसकट.