मे महिन्याची सुट्टी आणि कॉलेजकुमाराचे वाचन

परीक्षा आटोपून कॉलेजातल्या मुलाने गावी यायचे, आंबे संपेपर्यंत राहायचे, जुन्या सोबत्यांबरोबर पारावर बसायचे आणि हाताला लागेल ते वाचायचे, ही महाराष्ट्रातली रीत वाटते तितकी जुनी नाही. संस्कृत पाठशाळांना लांब सुट्टी माहीत नव्हती. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा किंवा अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. पंधरवड्यातून असे चार दिवस सुटले की झाले. गावातले पंतोजीही तिथी आणि सणवार पाहूनच मुलांना मोकळे करीत. सलग दीड-दोन महिने विद्या बंद ठेवण्याची कल्पना इंग्रजी अमलाबरोबर आली. साहेब अधिकाऱ्यांना मैदानातला वैशाख सोसवत नसे. मुंबई सरकारचे बिऱ्हाड त्या दिवसांत महाबळेश्वरी हलत असे, वरिष्ठ कोर्टांना सुट्टी पडे, आणि कॉलेजांतले प्राध्यापकही सुरुवातीला बहुतेक साहेबच असत. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ‘टर्म’ची पद्धत विलायतेकडून घेतली गेली, पण दोन टर्मांमधली मोठी सुट्टी कुठे घालायची हे इथल्या उन्हाने ठरवले.

पहिल्या काही पिढ्यांना ही सुट्टी मोकळी मिळालीच नाही. याचे कारण परीक्षेच्या वेळापत्रकात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅट्रिकची परीक्षा वर्षाच्या अखेरीस होई आणि कॉलेजचे वर्ष जानेवारीत सुरू होई. टिळक १८७२ च्या अखेरीस मॅट्रिक झाले आणि १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात गेले. फर्ग्युसन कॉलेज उघडले तेही २ जानेवारी १८८५ रोजी. आंबेडकरांनी एल्फिन्स्टन कॉलेजात नाव घातले ते १९०८ च्या जानेवारीत. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी वर्षाच्या मध्यावर पडे आणि परीक्षा पाच-सहा महिन्यांवर येऊन ठेपलेली असे. परीक्षाही साधी नव्हे. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी.ए. म्हणून बाहेर पडले ते महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे चौघेच. अशा विद्यार्थ्याच्या ट्रंकेत सुट्टीला निघताना नेमलेली पुस्तकेच असणार: इंग्रजी काव्य, तर्कशास्त्र, इतिहास, एखादे संस्कृत नाटक. मराठी गद्य तेव्हा कोवळे होते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, गुंजीकरांचे ‘मोचनगड’ १८७१ चे. हौसेने वाचू म्हटले तरी वाचायला फार नव्हते.

विसाव्या शतकात परीक्षा मार्च-एप्रिलकडे सरकल्या, कॉलेजचे वर्ष जूनपासून धरले जाऊ लागले आणि सुट्टीचे स्वरूपच पालटले. पेपर देऊन झालेले, निकाल लागायला अवकाश. पास होणार की नाही ठाऊक नाही, तेव्हा पुढच्या वर्षाची पुस्तके आधी घेऊन ठेवण्यातही शहाणपण नाही. या अधांतरी आठवड्यांत अभ्यासाचे पुस्तक हाती धरण्याची सोयच उरली नाही आणि वडीलधाऱ्यांनाही ‘अभ्यास कर’ म्हणायला जागा राहिली नाही. मराठी कादंबरीला तरुण वाचक भरघोस लाभला, त्यात लेखकांच्या गुणांइतकाच या वेळापत्रकाचा हात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

घरी पोहोचणे हा स्वतंत्र खटाटोप होता. १८६३ साली भोर घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे जवळ आली. देशावरचा आणि खानदेश-वऱ्हाडाकडचा विद्यार्थी गाडीने स्टेशनापर्यंत आणि पुढे बैलगाडीने जाऊ लागला. कोकणाला रेल्वे मिळायला १९९८ उजाडले. तोवरचा बहुतेक काळ मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांकडे जाणे म्हणजे आगबोट. बोट धक्क्याला लागत नसे, दूर नांगर टाकी. मग पडाव जवळ यायचे, हेलकावणाऱ्या पडावात आधी वळकटी आणि ट्रंक टाकायची आणि खलाशाचा हात धरून मागून आपण उतरायचे. पुस्तकांनी भरलेली लोखंडी ट्रंक खलाशांच्या विशेष रोषाची असे. पावसाळा तोंडावर आला की या पल्ल्याच्या बोटी बंद पडत त्या थेट पावसाचा जोर ओसरेपर्यंत. कॉलेज उघडायला जूनची वीस तारीख असली तरी कोकणातल्या मुलाला त्याआधीच बोट गाठावी लागे. ती चुकली तर घाटरस्त्याने, पावसात. या वाटा काय होत्या याची कल्पना धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रातून येते: सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत भर पावसात डोंगर चढून चालत गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही.

गावात आलेला कॉलेजकुमार हा काही वर्षे तरी कुतूहलाचा विषय असे. बरोबरीची मुले शाळा सोडून दुकानात, शेतात किंवा मुंबईच्या गिरणीत गेलेली. दुसऱ्या कॉलेजांतून आलेले दोघे-तिघे भेटले की त्यांचा वेगळा अड्डा जमे. सकाळी विहिरीत पोहणे, दुपारी ओटीवर पत्ते किंवा बुद्धिबळ, संध्याकाळी देवळाचा पार आणि रात्री अंगणात बाजा टाकून गप्पा, असा दिनक्रम. शहरात पाहिलेले नाटक गावच्या उत्सवासाठी बसवण्याचे खूळ याच मंडळींचे. पुस्तक एकच असे आणि वाचणारे चार. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही कीर्तन-पुराणात मुरलेली सवय कादंबरीलाही सहज लागू पडली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. अंक घरात आला की एकाने वाचायचा आणि सगळ्यांनी कान द्यायचा, असेच तिचे वाचन घरोघरी होई.

हे चित्र मात्र सरसकट सगळ्यांचे नव्हते. कुणब्याच्या घरचा मुलगा कॉलेजात पोहोचला तो पुष्कळ उशिरा, आणि त्याच्या सुट्टीचा महिना म्हणजे मशागतीचा महिना. नांगरट झालेल्या रानातली ढेकळे फोडायची, धसकटे वेचायची, शेणखत ओढायचे, कुळवणी उरकायची. मृगाचा पाऊस पडून पेरणी हातावर आली की नेमके कॉलेज उघडायचे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, तिथे श्रम करून शिकण्याची पद्धत रुजली ती या मुलांची स्थिती ओळखूनच. त्यांचे वाचन औत सोडल्यावर, दुपारच्या सावलीत होई.

मुलींचेही तसेच. कॉलेजात गेलेली मुलगी मे महिन्यात घरी आली की पापड, कुरडया, सांडगे, लोणची तिची वाट पाहत असत. एक सोय तेवढी होती: गच्चीवर किंवा अंगणात वाळवण घातले की कावळे-चिमण्या हाकलायला कोणीतरी बसावे लागे, आणि त्या राखणीत पुस्तक मांडीवर घेता येई. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित स्त्रीचे मन त्यात उघडपणे मांडलेले पाहून मोठा गदारोळ झाला. अशी पुस्तके घरात चारचौघांसमोर वाचण्यासारखी नव्हती. राखणीची दुपार त्यांना बरी.

पुस्तके येत कुठून, याचे उत्तर गावच्या वाचनालयात आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. सुरुवातीला ती ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणून ओळखली जात. चालवायला कलेक्टर आणि वकील मंडळी, कपाटांत बहुतेक इंग्रजी पुस्तके. मराठी वाचकासाठी म्हणून जाणीवपूर्वक उभी राहिलेली संस्था म्हणजे विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली ठाण्यात निघालेले मराठी ग्रंथसंग्रहालय. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. वर्गणीदाराला एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, अनामत रक्कम वेगळी, पुस्तकाच्या शेवटी तारखेचा शिक्का मारलेली चिठ्ठी, हा शिरस्ता पुढे शंभर वर्षे फारसा बदलला नाही. सुट्टीत आलेल्या विद्यार्थ्याला एका पुस्तकाचे काय होणार? तो वडिलांच्या, काकांच्या आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या नावावर पुस्तके आणी. नव्या कादंबरीसाठी ‘नंबर लावावा’ लागे आणि ग्रंथपालाची मर्जी हा त्यातला निर्णायक भाग.

१९२० नंतर या वाचकाला त्याच्याच वयाची पुस्तके मिळू लागली. ना. सी. फडके स्वतः प्राध्यापक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अनेक वर्षे शिकवणारे. त्यांच्या ‘जादूगार’, ‘दौलत’ या कादंबऱ्यांतली शिकलेली, सुखवस्तू, प्रेमात पडणारी पात्रे कॉलेजातल्या मुलांना आपली वाटली, निदान आपण तसे असावे असे वाटले. फडक्यांच्या तंत्रावर पुढे टीका पुष्कळ झाली आणि ती बरीचशी रास्तही आहे, परंतु मे महिन्याच्या दुपारी पुस्तक हातातून सुटू न देण्याचे कसब त्यांच्याकडे होते. दुसऱ्या टोकाला बाबूराव अर्नाळकर. धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड यांच्या कथा त्यांनी हजारांहून अधिक लिहिल्या. भाड्याने पुस्तके देणाऱ्या गल्लीतल्या लायब्ऱ्यांचा व्यवसाय अशा लेखनावर तगून होता. घरी सांगताना खांडेकर आणि उशीखाली अर्नाळकर, ही विभागणी कितीतरी घरांत असे. १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला आणि शेवटी गावी परतलेला पांडुरंग सांगवीकर फडक्यांच्या नायकाशेजारी ठेवला की मधल्या तीस-पस्तीस वर्षांत कॉलेजात कोण येऊ लागले होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाचनाला निवांत जागा लागते, आणि ती सगळ्यांच्या घरी नव्हती. परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहत असताना शाळकरी आंबेडकर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्कारात केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. शहरातल्या गरीब मुलाची सुट्टी अशा बागांत आणि फुकट वाचनकक्षांत जाई. मामाचे गाव, विहीर आणि पार हे तिच्यात नसत.

जे पुण्यात राहिले त्यांच्यासाठी व्याख्याने होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ऐन उन्हाळ्यात भरते, कारण त्याच दिवसांत वकील, शिक्षक आणि विद्यार्थी या सगळ्यांना सवड असे. नाशिकला गोदाकाठी आणि इतर अनेक गावांत तिचे अनुकरण झाले. दिवसा वाचलेले संध्याकाळी ऐकलेल्याशी ताडून पाहण्याची सोय अशी गावोगाव झाली.

या रिवाजाला ओहोटी लागली ती एका कारणाने नव्हे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे केबल आली, त्यामुळे दुपार-संध्याकाळ गेली, हे नेहमी सांगितले जाते. पण मोठा घाव पुन्हा वेळापत्रकाचाच आहे. प्रवेश परीक्षांचे दिवस आले, आणि त्या नेमक्या एप्रिल-मे महिन्यांत येऊ लागल्या. सत्र पद्धतीने वार्षिक परीक्षा दोन तुकड्यांत विभागली गेली, तिच्यातल्या दुसऱ्या सत्राचे पेपर अनेकदा मे महिन्यापर्यंत लांबतात. उरलेल्या दिवसांत इंटर्नशिप किंवा पुढच्या वर्षाचा क्लास असतो. वाचनालयांनीही हे ओळखले आहे. उन्हाळ्यातले सवलतीचे सभासदत्व ती आता शाळकरी मुलांसाठी काढतात. कॉलेजचा विद्यार्थी तिथे येतो तो बहुधा अभ्यासिकेत: महिन्याची फी भरून, एक खुर्ची आणि दिव्याखालचे टेबल राखून, स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तके बरोबर घेऊन.