गुरूचा मृत्यू आणि शॉक देणारी डबी

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट सुरू होते 1966 मध्ये, इस्रायलमध्ये. हॅरी हेलर नावाच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या हृदयाचे ठोके मधूनच बेफाम धावायला लागायचे. पुढचा झटका कधी येईल, काही नेम नाही. शॉक देऊन लय ताळ्यावर आणणारी यंत्रं होती, पण ती हॉस्पिटलात. माणूस घरी कोसळला तर काय? हेलर गेले. त्यांचे शिष्य मिशेल मिरोव्स्की यांच्या डोक्यात मात्र एक प्रश्न कायमचा बसला: हे यंत्र माणसाच्या शरीरातच का नाही बसवायचं?

हे मिरोव्स्की म्हणजे मूळचे वॉर्साचे ज्यू. 1939 मध्ये पंधराव्या वर्षी घर सोडून पळाले. त्यांच्या कुटुंबातलं दुसरं कुणीच वाचलं नाही. अशा माणसाला ‘हे जमणार नाही’ असं सांगून काय उपयोग?

सांगणारे मात्र भरपूर होते. 1968 मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरला आले आणि मॉर्टन मोवर या सहकाऱ्याबरोबर कामाला लागले. 1972 मध्ये बर्नार्ड लाउन यांनी या कल्पनेवर जाहीर टीका केली. गंमत बघा, आधुनिक डीसी शॉकचं यंत्र घडवणारे हेच लाउन! पण त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, असं मला वाटतं. अचानक मरण कुणाला येणार हे आधी कळत नसेल, तर यंत्र बसवायचं कुणाला?

तरी हे दोघे थांबले नाहीत. त्यांनी एका कुत्र्यावरच्या प्रयोगाची फिल्म काढली. कुत्रा कोसळतो, आतल्या यंत्राचा शॉक बसतो, तो उठतो आणि शेपूट हलवतो. त्यावर काही जण म्हणाले, कुत्र्याला पडायला शिकवलंय! मग फिल्ममध्ये ईसीजीची रेघही दाखवावी लागली.

4 फेब्रुवारी 1980 रोजी बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात पहिल्यांदा एका महिलेच्या शरीरात हे यंत्र बसवलं गेलं. डबी पाव किलोच्या आसपास, म्हणून ती पोटात ठेवायची आणि तारा छाती उघडून हृदयाला जोडायच्या. 1985 मध्ये अमेरिकन सरकारी मंजुरी आली. याच यंत्राला आज आपण आयसीडी म्हणतो.

पण लाउन यांचा प्रश्न तसाच होता. सुरुवातीला ही डबी मिळायची ती मरणाच्या दारातून परत आलेल्यांनाच. जे पहिल्याच झटक्यात जातात, त्यांचं काय?

उत्तर सापडलं हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे हं. पंप कमजोर होतो, एवढाच त्याचा अर्थ. पण अशा ताणलेल्या, व्रण पडलेल्या स्नायूत विजेचा प्रवाह सरळ वाट सोडून गोल गोल फिरू शकतो. मग हृदय आकुंचन पावायच्या ऐवजी नुसतं थरथरतं आणि काही मिनिटांत सगळं संपतं. म्हणजे धोका ओळखायची खूण इको रिपोर्टमध्येच होती: ‘ईएफ’चा आकडा, दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो.

2002 मध्ये 1,232 जणांचा अभ्यास छापून आला. सगळ्यांना पूर्वी हार्ट अटॅक आलेला, ईएफ 30 टक्के किंवा कमी. आयसीडी असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण 14.2 टक्के, नसलेल्यांत 19.8. मग 2005 मध्ये हार्ट फेल्युअरच्या 2,521 पेशंटांचा अभ्यास आला. त्यात आयसीडीने मृत्यूचा धोका 23 टक्क्यांनी घटला, आणि लय सांभाळणाऱ्या अमिओडॅरोन या गोळीने मात्र काहीच फरक पडला नाही. हे पाहायला मिरोव्स्की नव्हते. ते 1990 मध्येच गेले.

एक लक्षात घ्या, ही डबी कमजोर पंप दुरुस्त करत नाही. ती फक्त लय बिघडायची वाट बघत बसते. त्यासाठी गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. आणि शुद्धीत असताना शॉक बसला तर घोडा लाथ मारतो तसं वाटतं, असं पेशंट सांगतात.

जाता जाता तुमच्या हातातल्या फोनबद्दल. काही नव्या फोनमध्ये चुंबक असतं, आणि ते अगदी छातीवर आलं तर आयसीडी शॉक देणं तात्पुरतं थांबवू शकते. घरात आजोबांना किंवा मावशीला हे यंत्र बसवलेलं असेल, तर फोन त्यांच्या वरच्या खिशात ठेवू देऊ नका. निदान 15 सेंटिमीटर लांब!