गंज काढायचा, पण कोणत्या सालापर्यंत?



"पाच वर्षं नुसत्या गंजावर काय संशोधन करतेस गं?" हा प्रश्न मला दर गणपतीत एकदा तरी ऐकावा लागतो. माझी पीएचडी लोखंडी पत्र्यावरच्या संरक्षक लेपांवर आहे. म्हणजे पत्र्याचे छोटे तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवायचे आणि ते कुठून, किती दिवसांत बिघडतात ते मोजायचं. आज मात्र प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांबद्दल लिहितेय. ती हेच काम घरामागच्या शेडमध्ये, स्वतःच्या पैशाने आणि हौसेने करतात. ही माणसं म्हणजे अमेरिकेतले जुने ट्रक पुन्हा उभे करणारे हौशी लोक.

त्यांच्या कामात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो मूळचा इतिहासाचा आहे. ट्रक "पूर्वीसारखा" करायचा म्हणजे नेमका कधीसारखा?

एक ट्रक घेऊया

उदाहरणासाठी शेवरलेटचा पिकअप घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने १९४७ च्या उन्हाळ्यात नव्या घडणीचे ट्रक बाजारात आणले. "अ‍ॅडव्हान्स डिझाइन" नावाची ही मालिका १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. गोल खांद्यांची केबिन, फुगीर मडगार्ड आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा. हलक्या ट्रकला साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि सहा व्होल्टची बॅटरी.

दिसायला सगळे सारखेच वाटतात, पण जाणकार माणूस दुरूनच साल ओळखतो. दाराच्या काचेशेजारी हवेसाठी छोटी तिकोनी काच असेल तर ट्रक १९५१ किंवा नंतरचा. दाराच्या मुठीला दाबायचं बटण असेल तर १९५२ किंवा नंतरचा. समोरची काच मध्ये पट्टी नसलेली, एकसंध असेल तर १९५४ किंवा नंतरचा. पुरातत्त्वाचा अभ्यासक खापराच्या काठावरून काळ सांगतो, तसलाच हा प्रकार.

आपल्याकडचा धागाही इथे आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडीत गाड्या, ट्रक, बस उभ्या राहायच्या. पुढे देशातच उत्पादन करा असं सरकारी धोरण आलं आणि १९५४ मध्ये हा कारखाना बंद झाला. तोवर महाराष्ट्रातल्या घाटरस्त्यांवर "शेवरलेट" हे नाव चांगलंच रुळलं होतं. या धाग्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

अवजाराचं लाडकं कसं झालं?

अमेरिकेत जुन्या गाड्या जपण्याची हौस तशी जुनी. तिथला अँटिक ऑटोमोबाइल क्लब १९३५ मध्ये स्थापन झाला. गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची, ही त्या मंडळींची मुख्य कसोटी.

दुसरीकडे कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे पत्रे कापून, वजन उतरवून, मुरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाटीवर शर्यती लावत होती. त्यांची सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली, तर "हॉट रॉड" मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघालं. त्यांना कारखान्याने काय दिलं होतं याच्याशी घेणं नव्हतं. त्यातून आपण काय बनवू शकतो, हा त्यांचा सवाल.

या दोन्ही घरांत ट्रकला मान उशिरा मिळाला. कारण उघड आहे. ट्रक म्हणजे अवजार. कुदळ मोडेपर्यंत वापरायची असते, तिला कोणी काचेच्या कपाटात ठेवत नाही. त्यामुळे शेतावरचे ट्रक चालेनासे झाले की गोठ्यामागे उभे राहिले आणि त्यांच्यातून झुडपं उगवली.

पुढे दोन्ही वाटांचे लोक या ट्रककडे वळले. एकाला १९५० चा मूळ ट्रक हवा: तोच गडद हिरवा रंग, सहाच व्होल्ट, फळ्याही तशाच. दुसऱ्याला तो रोज चालवायचाय. मूळ गिअरिंगवर ट्रक ताशी ऐंशीच्या आसपास धापा टाकायला लागतो, हायवेवर मागचे हॉर्न वाजवतात. म्हणून तो शेवरलेटचंच १९५५ नंतरचं व्ही-एट इंजिन बसवतो, बारा व्होल्टची वायरिंग करतो, डिस्क ब्रेक लावतो. पुढच्या चाकांना १९७० च्या दशकातल्या मस्टँग टू या कारच्या रचनेचं सस्पेन्शन बसवणं हा तर ठरलेलाच फेरफार.

रोजचं काम म्हणजे काय?

काम कोणतंही असो, सुरुवात गंजापासून. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान काही पटींनी वाढतं. त्यामुळे बोल्ट आणि नट यांच्यामधली फट गंजाने ठासून भरते आणि पाना हलत नाही. आज तेल सोडायचं, उद्या गरम करायचं, परवा पुन्हा प्रयत्न. "आज एक बोल्ट निघाला" ही खरोखर एका दिवसाची प्रगती असते!

गंज कुठे आहे, यावरून ट्रकचं गावही कळतं. न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फासाठी सर्रास मीठ टाकायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या थंड भागांत ती पद्धत पसरली. मिठातला क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतो आणि ओल्या पत्र्यावर विजेचा प्रवाह सोपा करतो. म्हणून उत्तरेकडच्या ट्रकच्या केबिनचे खालचे कोपरे जाळीसारखे झालेले असतात. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला ट्रक मात्र उन्हाने रंग उडालेला, पण पत्र्याने शाबूत.

गंज काढायची आवडती पद्धत स्वस्त आहे. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा घालायचा. बॅटरी चार्जरचं ऋण टोक कामाच्या वस्तूला आणि धन टोक भंगारातल्या लोखंडाला जोडायचं. वस्तूवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सैल होतो, काही गंजाचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि पाट्यांसारखं कडक पोलाद टाकीत घालायचं नाही, कारण हायड्रोजन त्यात शिरून ते ठिसूळ करतो. काम उघड्यावर करायचं, हे वेगळं सांगायला नको.

काहीजण गंज न काढता टॅनिनचं द्रावण लावून तो काळा, स्थिर करतात. हे रसायन आपल्याला परकं नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई बनवायचे ना, त्यात हाच काळा लोह-टॅनेट तयार होतो.

आता माझी चूक

आमच्या आजोबांचा शेवरलेट ट्रक होता, गूळ वाहायचा. ट्रक कधीच भंगारात गेला. उरलं ते फक्त टूलबॉक्सचं झाकण, माळ्यावर गंजत पडलेलं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी इलेक्ट्रोकेमिस्ट्री नवीनच शिकले होते. दिवाळीच्या सुट्टीत मी ते झाकण सोड्याच्या टाकीत टाकलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी गंज साफ! पत्रा काळपट, स्वच्छ. मी जाम खूश.

बाबांनी झाकण हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अक्षरं कुठं गेली?"

गंजाखाली पांढऱ्या रंगात आजोबांचं नाव होतं, गावाचं नाव होतं आणि कोपऱ्यात पेंटरची सही. सोड्याच्या पाण्याने जुना रंगही निघतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण झाकण टाकताना सुचलं नाही. आजोबांचं नाव आम्हाला ठाऊकच आहे. त्या पेंटरचं नाव मात्र आता घरात कोणालाच आठवत नाही. बाबा रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

मग करायचं काय?

त्या झाकणामुळे मला हौशी लोकांच्या रोजच्या नोंदींचं मोल कळलं. तारीख, फोटो, कोणता बोल्ट कुठून निघाला, हिरव्या रंगाखाली कोणता थर सापडला, हे सगळं ते टिपतात. त्यांचा हेतू साधा असतो: दोन वर्षांनी जोडताना विसरू नये. पण दुरुस्ती पूर्ण झाल्यावर ट्रकच्या अंगावर फक्त एकच साल उरतं. बाकी सालांचा पुरावा त्या वहीतच असतो.

"मूळ रूप" म्हणणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. समजा, एखाद्या शेतकऱ्याने १९६२ मध्ये आपल्या ट्रकला व्ही-एट बसवलं. आज त्या फेरफारालाही साठ वर्षं उलटून गेलीत. ते इंजिन काढून ट्रक १९५० चा केला, तर त्या माणसाची करामत पुसली जाते. ठेवलं, तर कारखान्याचं रूप पुरं होत नाही. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. फक्त काय पुसलं ते लिहून ठेवायला हवं. अँटिक क्लबच्या प्रदर्शनांत आता दुरुस्त न केलेल्या, मूळ अंश टिकवलेल्या गाड्यांसाठीही वेगळा वर्ग असतो. म्हणजे हात न लावणं हाही एक पर्याय आहे.

तुमच्या घरी जुनी जीप, स्कूटर किंवा नुसतं एखादं झाकण असेल, तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी दोन कामं करा. अंधारात टॉर्च तिरपी धरून फोटो काढा, मिटलेली अक्षरं अशा उजेडात बऱ्याचदा उठून दिसतात. आणि घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला ती वस्तू दाखवून तो काय म्हणतो ते लिहून घ्या.

आमचं झाकण मी आता तेलाचा हात देऊन ठेवलंय. सोबत एक चिठ्ठी आहे: त्यावर काय होतं, ते कोणी आणि कधी घालवलं. पुढच्या वेळी रंगाच्या थरांबद्दल बोलू.